विवाहपूर्व चाचणीच्या सक्तीचा फोलपणा

विवाहापूर्वी वधूवरांची एचआयव्ही चाचणी कायद्याने सक्तीची करावी, ही मागणी महाराष्ट्रात व गोव्यात अधूनमधून डोके वर काढते. अनेक विवाहित स्त्रियांना या विषाणूची लागण पतीकडूनच झाली, हे तिच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्यांचा कळवळाही खोटा नाही. परंतु ज्या प्रमाणपत्रावर ते भिस्त ठेवतात, त्याची ताकद त्यांनी तपासलेली दिसत नाही.

नेहमीच्या चाचणीत प्रामुख्याने शोध घेतला जातो तो विषाणूचा नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा. ती चाचणीत दिसण्याइतकी वाढण्यास काही आठवडे, क्वचित तीन महिने लागतात. ‘विंडो पिरियड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळात अहवाल निर्दोष येतो, आणि नेमक्या त्याच सुमारास रक्तातील विषाणूंची संख्या प्रचंड असल्याने लागणीचा धोकाही अधिक असतो. विवाहानंतरच्या वर्तनाविषयी तर ते प्रमाणपत्र काहीच सांगत नाही. उलट बाजूची चूकही संभवते. देशातील प्रौढांमध्ये बाधितांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन आहे. निरोगी माणसांपैकी ९९.५ टक्क्यांना निरोगी ठरवणारी चाचणी अशा हजार जणांवर केली, तर त्या दोघांबरोबर सुमारे पाच निरोगी माणसेही बाधित ठरतील. म्हणूनच लक्षणे नसलेल्या व्यक्तीस बाधित ठरवण्यापूर्वी राष्ट्रीय कार्यक्रमात तीन वेगवेगळ्या चाचण्यांचा निष्कर्ष जुळावा लागतो. जमलेले लग्न मात्र पहिल्याच अहवालावर मोडते, आणि गावात झालेला बोभाटा पुढच्या अहवालाने पुसला जात नाही.

सक्तीचे एक टोक गोव्याने पाहिले आहे. रक्तदाते असलेले डॉमिनिक डिसोझा बाधित आढळल्यावर १९८९ साली त्यांना तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली पोलिसांकरवी नेऊन क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ एकांतात ठेवण्यात आले. हा विषाणू हवेतून वा स्पर्शाने पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. चाचणीचे फळ कोठडी असेल, तर शहाणा माणूस चाचणीकडे फिरकणार नाही.

वधूचे खरे रक्षण उपचार करतात. एचआयव्ही रोगप्रतिकारक सीडी४ पेशी नष्ट करतो आणि त्यांची संख्या फार घटून संधिसाधू आजार जडू लागले की त्या अवस्थेस एड्स म्हणतात. तेथवर पोहोचणे एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या औषधांचा एकत्रित उपचार, बहुतांशी टाळतो. ही औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि २०१७ पासून सीडी४ संख्या कितीही असली तरी निदान होताच ती सुरू केली जातात. नियमित औषधांनी रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबून राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदारास लागण होत नाही. निर्दोष अहवालाच्या कागदात हे सामर्थ्य नाही.

जो जाणूनबुजून लपवील त्याचे काय, हा आक्षेप उरतो. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने चाचणीस संमती आवश्यक केली, तशीच बाधितावर इतरांना लागण न होऊ देण्याची जबाबदारीही टाकली, आणि समुपदेशनानंतरही तो सांगणार नसेल, तर ठरावीक अटींवर डॉक्टर वा समुपदेशकास जोडीदाराला सावध करण्याची मुभा ठेवली. तेव्हा नव्या सक्तीची गरज नाही. विवाह ठरलेल्या जोडप्यांनी सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात स्वेच्छेने एकत्र जावे. तेथे चाचणी विनामूल्य होते आणि निकाल गोपनीय ठेवला जातो.