जयंतीचा सदरा



यंदाच्या जयंतीसाठी धाकट्याला पांढरा सदरा आणला. घडी मोडताना कॉलरखालची चिठ्ठी त्याने मोठ्याने वाचली, ‘मेड इन बांगलादेश’. मग म्हणाला, “बाबा, आजोबा तर मुंबईत कापड गिरणीत होते ना? मग सदरा तिकडून का आला?” प्रश्न पोराचा आहे, पण उत्तर प्रत्येक कामगाराच्या घरात ठाऊक असायला हवे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क हे एके काळी शिवणकामाचे मोठे केंद्र होते. २५ मार्च १९११ रोजी तेथील ट्रँगल कारखान्यात आग लागली. बाहेर पडायचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार दगावले. त्यात बहुतेक परदेशातून पोट भरायला आलेल्या मुली होत्या. या आगीनंतर कामगारांची युनियन बळकट झाली, सुरक्षिततेचे कायदे झाले, पगार वाढले. पुढे तिची सभासदसंख्या साडेचार लाखांच्या घरात गेली.

मग मालकांनी काय केले? कामच उचलून नेले! आधी युनियन नसलेल्या दक्षिणेकडील राज्यांत, मग हाँगकाँग, कोरिया आणि पुढे बांगलादेशात. भांडवलाला पाय असतात; कामगार मात्र घर, मुलेबाळे, कर्ज यांत बांधलेला. ‘संप कराल तर कारखाना हलवीन’ एवढ्या धमकीनेच संघटनेचे बळ खचते. ती युनियन घटत घटत १९९५ साली दुसऱ्या युनियनशी एकत्र झाली. आपणही १९८२ च्या संपात हेच पाहिले. मुंबईत गिरण्या बंद आणि मालकांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर तयार!

बरे, काम गेले तिथल्या कामगाराचे तरी भले झाले काय? २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेले. खालची बँक बंद झाली. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी पगार कापण्याची धमकी देऊन आत पाठवले. इमारत कोसळून अकराशेहून अधिक जीव गेले. तेव्हा तेथे किमान वेतन होते महिना ३००० टका. आत युनियन नव्हती. ‘आम्ही जाणार नाही’ म्हणायला एकटीचे बळ पुरत नाही.

म्हणून ‘बांगलादेशींनी आमचे काम पळवले’ असे म्हणणारा अमेरिकन कामगार शत्रू ओळखण्यात चुकतो. मुंबईतही अशी चूक झाली होती. अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणाई खात्यात घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई! १९२८ च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, असा आग्रह बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला. तळच्या कामगाराला दाराबाहेर ठेवणारी संघटना मालकाच्या हाती आयते हत्यार देते.

राणा प्लाझानंतर जागतिक कामगार संघटनांनी मे २०१३ मध्ये कपडे कंपन्यांशी सुरक्षिततेचा बंधनकारक करार केला. दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या, दीड हजारावर कारखाने तपासले गेले आणि धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा हक्क कामगाराला मिळाला. काम देशाची सीमा ओलांडते, तर संघटनेनेही ती ओलांडली पाहिजे.

आज आपली मुले-मुली कंत्राटावर कारखान्यांत, कॉल सेंटरच्या रात्रपाळीत राबतात. बाहेरून आलेले काम उद्या बाहेर जाऊही शकते. रात्री जेवताना त्यांना विचारा, तुमच्याकडे युनियन आहे का? असल्यास झाडू मारणारा कंत्राटी कामगार तिचा सभासद आहे का? ‘संघटित व्हा’ या बाबासाहेबांच्या आदेशाची सुरुवात तिथूनच होते.

धाकट्याला मी एवढेच सांगितले, “सदरा घाल बाळा. पण तो शिवणारी बाई आपलीच बहीण आहे, हे विसरू नकोस.”

जयभीम!