कंबोडिया : उलट्या वाहणाऱ्या नदीचा देश

नदी उलटी वाहते असे कोणी सांगितले तर ऐकणारा हसेल. कंबोडियात मात्र हे दरवर्षी घडते. पावसाळ्यात मेकाँग नदी दुथडी भरली की तिचे पाणी राजधानी नॉम पेन्हजवळ तोनले साप नदीत घुसते आणि तिचा प्रवाह मागे लोटत त्याच नावाच्या सरोवरात शिरते. उन्हाळ्यातले अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचे सरोवर चांगलेच पाच पटींनी फुगते. नोव्हेंबरच्या सुमारास पाणी पुन्हा उतरू लागते. तेव्हा पौर्णिमेच्या जलोत्सवात होड्यांच्या शर्यती रंगतात.

महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या असलेल्या या देशाला भात आणि मासळी पुरवते ती हीच भरती. नारळाच्या दुधात, केळीच्या पानात वाफवलेली 'आमोक' ही मासळी चाखताना कोकणच्या माणसाला घरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

याच सुबत्तेवर अंगकोरचे वैभव उभे राहिले. 'अंगकोर' हा शब्द मूळचा आपला 'नगर'! बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मा याने बांधलेले अंगकोर वाट हे विष्णूचे मंदिर पुढे बौद्धांचे झाले. त्याच्या भिंतीवरील समुद्रमंथनाचे शिल्प जवळजवळ ४९ मीटर लांब आहे. देशाच्या ध्वजावरही हेच मंदिर दिसते. यादवी शमलेली नसतानाही भारतीय पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी १९८६ ते १९९३ या काळात येथे जतनाचे काम केले.

या देशाने भोगलेही फार. १९५३ मध्ये फ्रेंचांपासून स्वातंत्र्य मिळाले. पण १९७५ ते १९७९ या खमेर रूज राजवटीत सतरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, आजाराने आणि हत्याकांडात मेली. नॉम पेन्हच्या तुओल स्लेंग येथील शाळेचा तेव्हा तुरुंग झाला होता. आता तेथे संग्रहालय आहे. तेथून बाहेर पडणारा प्रवासी सहसा बोलत नाही.

युद्ध संपले, पण जमिनीत पेरलेले सुरुंग राहिले. १९७९ नंतर त्यांनी व न फुटलेल्या दारूगोळ्याने सुमारे वीस हजार बळी घेतले. ते शोधायला माणसांबरोबर शिकवून तयार केलेले मोठे आफ्रिकी उंदीरही राबतात. वजन कमी असल्याने त्यांच्या पायाखाली सुरुंग फुटत नाही. त्यांतल्या मगावा नावाच्या उंदराने शंभराहून अधिक सुरुंग व स्फोटके हुडकली. २०२० मध्ये त्याला ब्रिटनमध्ये सुवर्णपदक जाहीर झाले. अंगकोरच्या प्रसिद्ध मंदिरांचा परिसर सुरक्षित आहे. आडरानात मात्र मळलेली वाट सोडू नये आणि कवटीचे चित्र असलेली लाल पाटी दिसताच मागे फिरावे.

प्रवासाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मंदिरात खांदे व गुडघे झाकणारे कपडे हवेत. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. चलन रियेल असले तरी डॉलरही चालतो. भाषा येत नसली तरी अडत नाही. तेथील माणूस हात जोडूनच अभिवादन करतो. आदर जितका अधिक, तितके जोडलेले हात उंच. इतके सोसूनही हसतमुख राहिलेल्या या लोकांपुढे प्रवाशाचे हातही नकळत थोडे उंचच जातात.