अर्ध्या ओहमचा हिशेब

दिवाळीच्या तोंडावर तयार कपड्यांच्या दुकानात मागील खोलीतील बोर्डावर इस्त्री दिवसभर चालू असते. चहासाठी विजेची किटलीही तिथेच जोडली जाते. इस्त्री १००० वॅटची, किटली १५०० वॅटची. एकूण २५०० वॅट. यास २३० व्होल्टने भागले असता विद्युतप्रवाह सुमारे १०.९ अँपिअर येतो. बोर्डावरील सॉकेट मात्र बहुधा ६ अँपिअरचे, म्हणजे त्याची पत १३८० वॅटचीच. एकटी किटलीही ती ओलांडते.

नग, दर आणि रक्कम यांच्या हिशेबाहून हे गणित अवघड नाही. व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती, म्हणजे वॅट मिळतात. भागले की रोध, म्हणजे ओहम. हा दुसरा नियम जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. इस्त्री, किटली, गीझर यांना हा हिशेब तंतोतंत लागू पडतो. मोटर असलेल्या यंत्रात व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार प्रत्यक्ष वॅटपेक्षा थोडा अधिक भरतो, एवढा अपवाद ध्यानात असावा.

वॅटचा हिशेब पुष्कळ जण करतात. ओहमचा कोणी करीत नाही, आणि धोका तिथेच दडलेला असतो.

मीटरपासून मागील खोलीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर गेली असेल, तर जाऊन-येऊन ४० मीटर वायरीचा रोध सुमारे अर्धा ओहम होतो. इस्त्री व किटली दोन्ही चालू असताना मीटरपाशी २३० व्होल्ट असतील, तर बोर्डावर २२५ भरावेत. ५ व्होल्टची ही तूट १०.६ अँपिअरने भागली की तो अर्धा ओहम हाती येतो. वायर थोडी कोमट होते. उष्णता सर्व लांबीवर विखुरली जाते.

परंतु बोर्डावर २२० व्होल्टच भरले आणि प्रवाह १०.४ अँपिअर असला, तर? १० भागिले १०.४, म्हणजे जवळजवळ एक ओहम. वरचा अर्धा ओहम वायरीचा नव्हे. तो कुठल्या तरी सैल स्क्रूचा वा काजळलेल्या सॉकेटचा आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, या रीतीने तिथे ५४ वॅट उष्णता निर्माण होते. डाग देण्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी ही उष्णता, तीही प्लास्टिकच्या पेटीत आणि कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी. एकट्या इस्त्रीवर ती जेमतेम ९ वॅट असते. किटली जोडताच प्रवाह अडीच पटीच्या आत वाढतो. उष्णता मात्र सहा पट.

एमसीबी बसविली आहे, या भरवशावर राहणे इथे व्यर्थ. १६ अँपिअरच्या एमसीबीला १०.४ अँपिअर म्हणजे नित्याचा व्यवहार. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. वारंवार पडणाऱ्या एमसीबीच्या जागी ३२ अँपिअरची बसवून घेणे हा तर निव्वळ अविचार; मर्यादा वाढविल्याने ऋणकोची ऐपत वाढत नसते.

ही मोजणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी. दोन्ही ठिकाणचा दाब त्याने एकाच वेळी पाहावा, कारण दुपार-सायंकाळी पुरवठाच बदलतो. चिमट्याचा मीटर एकाच वायरीभोवती लावावा. दोन्ही वायरी एकत्र धरल्यास तो शून्य दाखवितो. दोष आढळल्यास मेन बंद करून वायरीचे जळके टोक कापावे, सॉकेट १६ अँपिअरचे बसवावे, किटलीसाठी स्वतंत्र लाइन घ्यावी, आणि मग पुन्हा दाब मोजावा.