नावाचा नियम पहिल्याच दारात सांगा

प्रति,
मा. निबंधक,
केंद्रीय नोंदणी केंद्र, कंपनी व्यवहार मंत्रालय,
मानेसर, हरियाणा

महोदय,

सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खान्देशी माणसांची दाट वस्ती आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून भुसावळ-सुरत रेल्वेने आलेल्या पिढीने लूम चालवले, मार्केटात पार्सले उचलली. त्यांची मुले आज एम्ब्रॉयडरीची मशीन टाकतात, लेस-पट्टीचे जॉबवर्क घेतात, साड्या ऑनलाइन विकतात. त्यांतले काही आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढू पाहत आहेत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

धंद्याला नाव देताना आमचा माणूस आधी कुलदेवतेला स्मरतो. सप्तशृंगी, एकवीरा, मनुदेवी यांच्या नावापुढे 'क्रिएशन' किंवा 'टेक्स्टाइल' जोडले की पाटी तयार होते. जीएसटी आणि उद्यम नोंदणीत हे व्यापारी नाव सहज बसते, कारण तेच नाव दुसऱ्या कोणाचे आहे का, हे तिथे पाहिले जात नाही. मग त्या नावाने बिलबुके छापली जातात, व्यापाऱ्यांच्या वहीत खाते उघडते आणि वर्षानुवर्षे त्याच नावावर उधारी मिळते. कंपनी करायची वेळ आली की नावाचा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 4 प्रमाणे नोंदलेल्या कंपनीशी मिळतेजुळते नाव मिळत नाही. 2019 साली दुरुस्त झालेले नियम त्याचा अर्थ उलगडून सांगतात. एकवचनाचे अनेकवचन केले, स्पेलिंग थोडे बदलले, शब्दांची अदलाबदल केली, तरी नाव वेगळे ठरत नाही. पुढे 'सुरत' जोडले तरीही नाही; आधीच्या कंपनीची संमती असेल तरच ते चालते. नोंदलेल्या ट्रेडमार्कशी टक्कर होणारे नावही चालत नाही. आणि 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत 'छत्रपती शिवाजी महाराज' हे नाव आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्यासाठी वापरता येत नाही. ज्या नावाचा अभिमान घेऊन आमचा तरुण धंद्यात उतरतो, त्याबद्दलचा हा नियम त्याला कोणीच सांगितलेला नसतो.

हे नियम ढिले करा, अशी मागणी मी करत नाही. कापडाचा बाजार पतीवर चालतो. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले किंवा एकाच्या बुडित धंद्याचा डाग दुसऱ्याला लागला, तर सर्वांत जास्त मार लहान कारखानदारालाच बसतो. वेगळे नाव ही त्याचीच ढाल आहे. माझे म्हणणे एवढेच की नियम उशिरा कळतो आणि परक्या भाषेत कळतो.

नाव राखून ठेवण्याच्या आपल्या अर्जात 1,000 रुपयांत दोन नावे सुचवता येतात. मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवले जाते. नावे नाकारली गेली तर नवा अर्ज आणि नवी फी. मोठ्या कंपनीला याचे काही वाटत नाही. पण पाटी, बिलबुक आणि गिऱ्हाइकाची ओळख असा ज्याचा सगळा संसार एका नावावर उभा आहे, त्याला ते नाव सोडायला लागणे महागात पडते.

म्हणून तीन विनंत्या आहेत. जीएसटी आणि उद्यमच्या यंत्रणांशी बोलून, पहिल्या नोंदणीच्या वेळीच कंपन्यांची आणि ट्रेडमार्कची नोंदवही तपासण्याची सूचना अर्जदाराला दिसेल असे करा. नाव तपासण्याची सोय गुजराती आणि देवनागरी लिपीतही द्या, कारण एकाच देवीच्या नावाची रोमन स्पेलिंगे चार होतात आणि अर्जदार त्यांतले एकच तपासून निर्धास्त होतो. आणि नकार कळवताना कोणता बदल केल्यास नाव स्वीकारता येईल, हे अर्जदाराच्या भाषेत दोन ओळींत लिहा.

नवागामचा कारखानदार नियमाला घाबरत नाही. लूमवर तुटलेला धागा शोधून जोडणे हे त्याचे रोजचे काम आहे. नियम वेळेवर आणि समजेल असा सांगितला, तर तो पहिल्याच दिवशी असे नाव निवडेल जे त्याच्या मुलांनाही बदलावे लागणार नाही.

आपला,
नवागाम, सुरत येथील एक मराठी रहिवासी