पाठीवर सॅक, समोर कालवा

बँकॉकला सॅक टाकून निघालेली आपली मुलं बहुतेक खाओसान रोडला उतरतात आणि तिथूनच बेटांची वाट धरतात. मी आणि माझी मैत्रीण मात्र भाईंदरजवळच्या सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर बसमध्ये घुसत मोठ्या झालो. शहर कळतं ते गर्दीच्या वेळीच, असं आमचं ठाम मत. म्हणून वाट साकेत या मंदिराजवळच्या फानफा धक्क्यावरून आम्ही सेन सेप कालव्याची बोट पकडली. सुमारे १८ किलोमीटरची ही सेवा १९९० पासून चालते, तीही रोज कामाला जाणाऱ्यांसाठी. तिकीट काढणारी बाई हेल्मेट घालून, दोरीला धरून बोटीच्या अगदी बाहेरच्या काठावरून चालत येते. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून ताडपत्री वर घ्यायची, नाहीतर कालव्याचं काळं पाणी सगळ्यांच्या अंगावर! पहिल्याच लाटेला मैत्रिणीने दोरी ओढली आणि प्रातुनामला बोट बदलेपर्यंत ती सोडली नाही. शेजारच्या आजी प्रत्येक वेळी मान डोलवत होत्या. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण खाडी उशाशी असून आपण वर्षानुवर्षं लोकलच्या दारातच लटकत आलो. अशा बोटी आपल्याकडे अजून हव्यात, रोजच्या नोकरदारांसाठी हव्यात. बँकॉकला जाणाऱ्यांनी बेटं जरूर पाहावीत, पण एक सकाळ या कालव्याला द्यावी. आणि चढताना सॅक पाठीवर नको, पुढे छातीशी घ्या.