स्मशानात नाटक?

'रेझिस्टन्स' म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये सगळ्यांना आधी ओहमचा नियम आठवतो. त्यापलीकडे गेलंच तर एखाद्या इंग्रजी पिक्चरमधला बंदूकवाला हिरो. पण नाटक बसवणं, गाण्याला चाल लावणं, तिकिटं विकून प्रयोग करणं, याला कोणी प्रतिकार म्हणेल का? आणि तेही अशा गावात, जिथे शहराबाहेरच्या जंगलात आपलीच हजारो माणसं गोळ्या घालून खड्ड्यात ढकलली गेली आहेत?

हा प्रश्न मी उगाच डोकं चालवून काढलेला नाही. जानेवारी १९४२ मध्ये तो व्हिल्नाच्या घेटोत खरोखर विचारला गेला होता. व्हिल्ना म्हणजे आजचं व्हिल्नियस, लिथुआनियाची राजधानी. ६ सप्टेंबर १९४१ ला नाझींनी तिथल्या ज्यूंना घेटोत कोंडलं. वर्ष संपता संपता जेमतेम २० हजार उरले होते. बाकी बहुतेकांचा शेवट पोनारीच्या जंगलात झाला. आणि अशा वेळी, १८ जानेवारी १९४२ ला, घेटोत पहिला संगीताचा कार्यक्रम जाहीर झाला! लोक भडकले. स्मशानात कोणी नाटक करत नाही, अशा अर्थाची पत्रकं घेटोत झळकली. विरोध करणाऱ्यांत हर्मन क्रुक होता, घेटोचं ग्रंथालय चालवणारा माणूस.

याच घटनांवर इस्राएली नाटककार जोशुआ सोबोल यांनी 'घेटो' हे नाटक लिहिलं. १९८४ साली ते हैफामध्ये रंगभूमीवर आलं, आणि १९८९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये इंग्रजीत झालं. नाटक भरपूर गाण्यांचं आहे. मी ते इंग्रजीतून वाचलं, प्रयोग पाहिलेला नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हा सगळा इतिहास अ‍ॅन फ्रँकच्या डायरीपुरताच भेटला होता. एक मुलगी, एक माळा, एक वही. वाचून रडायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. 'घेटो' तसं रडू देत नाही. ते आपल्याला वादात ओढतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. एवढ्या भयंकर गोष्टीवर म्युझिकल? लाईट्स, नाच, ऑर्केस्ट्रा? २००८ मध्ये लंडनला 'इमॅजिन धिस' नावाचं म्युझिकल आलं होतं, वॉर्सॉ घेटोतल्या एका नाटक मंडळीवरचं. महिन्याभरात ते बंद पडलं. 'हा विषय गाण्याचा नाही' असं म्हणणारे तेव्हाही होते. माझं म्हणणं असं की गाणी तिथे नंतर कोणी बाहेरून चिकटवलेली नाहीत. ती तिथेच जन्मली. व्हिल्ना घेटोत १९४३ मध्ये संगीतरचनेची स्पर्धा झाली. तिच्यात अलेक वोल्कोविस्की नावाच्या ११ वर्षांच्या मुलाने चाल दिली, आणि तिच्यावर पोनारीचं गाणं रचलं गेलं. ११ वर्षं! आपण त्या वयात स्कॉलरशिपची तयारी करत होतो. हिर्श ग्लिक हा कवी तर जेमतेम विशी ओलांडलेला, म्हणजे आपल्याच बॅचचा म्हणा ना. वॉर्सॉ घेटोतल्या उठावाची बातमी कानावर आली, आणि त्याने लिहिलेलं गाणं पुढे ज्यू पार्टिझनांचं गीत झालं. अशा लोकांची गोष्ट गाणी वगळून सांगणं हाच खरा खोटेपणा.

पण मित्रांनो, 'वा, काय कलाप्रेमी लोक!' एवढं म्हणून हा विषय संपत नाही. खरी गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) पुढेच आहे.

घेटोतल्या थिएटरला पाठिंबा कोणाचा होता? याकोब गेन्सचा. तो ज्यू पोलिसांचा प्रमुख, आणि जुलै १९४२ पासून घेटोचाही प्रमुख. त्याचं गणित साधं होतं. जर्मनांना आपल्या हातांची गरज वाटली तर आपण वाचू. त्यामुळे लोकांनी काम करावं, खचू नये, गडबड करू नये. थिएटर हा त्या गणिताचा एक भाग. याच गणिताने ऑक्टोबर १९४२ मध्ये ओश्मियाना गावात काय केलं ते बघा. जर्मनांची मागणी होती १५०० बायका-मुलांची. गेन्सच्या पोलिसांनी घासाघीस करून आकडा खाली आणला, आणि ४०६ म्हातारी माणसं मरणासाठी हवाली केली. आपल्या भाषेत याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. कन्स्ट्रेंट दिलेला, आकडा मिनिमाइज केला. फक्त तो कन्स्ट्रेंट कोणी आणि का दिला हे गणितात कुठेच येत नाही. आणि १४ सप्टेंबर १९४३ ला गेस्टापोने गेन्सलाही गोळी घातली. सोबोलने त्याला ना व्हिलन केलंय ना हीरो. नाटक वाचताना कधी त्याचं पटतं, आणि पटल्याचीच भीती वाटते.

मग क्रुकचा विरोध चुकीचा कसा म्हणायचा? ज्या नाटकाने लोक शांत बसतात ते मारणाऱ्याच्याच सोयीचं, नाही का? याचं सगळ्यात कडू उदाहरण चेक प्रदेशातल्या टेरेझिनचं. हान्स क्रासाचा 'ब्रुंडिबार' हा मुलांचा ऑपेरा तिथे पहिल्यांदा २३ सप्टेंबर १९४३ ला झाला, आणि पुढे एकूण ५५ वेळा. जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचे पाहुणे आले तेव्हा नाझींनी गाव रंगवून, बागा लावून दाखवलं, आणि मुलांचा ऑपेराही दाखवला. बघा, किती मजेत आहेत सगळे! त्यानंतर काही महिन्यांतच क्रासा आणि त्यातली बहुतेक मुलं आउशविट्झला पाठवली गेली. म्हणजे स्टेज तेच, गाणं तेच, आणि त्याचाच पडदा करून मागचं स्मशान झाकलं.

इथेच माझं मत सांगतो. प्रश्न 'स्मशानात नाटक करावं का' हा नाहीच. ते नाटक स्मशान झाकतं की दाखवतं, हा आहे. ब्रुंडिबार हा त्या ऑपेरातला दुष्ट बाजावाला, आणि मुलं एकजुटीने त्याला पळवून लावतात. पाहुण्यांनी गोड आवाज ऐकले. पण गाणाऱ्या मुलांना आणि समोर बसलेल्या कैद्यांना तो बाजावाला कोण हे पक्कं ठाऊक होतं. नाझींना आवाज ताब्यात घेता आला, अर्थ घेता आला नाही.

व्हिल्नातही तसंच झालं. पहिल्या कार्यक्रमानंतर तीनच दिवसांनी, २१ जानेवारी १९४२ ला, घेटोतली सशस्त्र संघटना एफ.पी.ओ. स्थापन झाली. एकामुळे दुसरं घडलं असा माझा दावा नाही. पण ज्यांना वाटतं की गाणारे वेगळे आणि लढणारे वेगळे, त्यांनी ग्लिकचंच दुसरं गाणं आठवावं. विटका केम्पनर ही तरुणी १९४२ मध्ये घरगुती बॉम्ब घेऊन घेटोबाहेर पडली आणि जर्मन रेल्वे उडवून आली. ते गाणं त्याच हल्ल्यावर आहे. आणि ल्यूबा लेवित्स्का ही घेटोची लाडकी गायिका वाटाण्याची छोटीशी पिशवी आत आणताना पकडली गेली, आणि त्यासाठी जानेवारी १९४३ मध्ये पोनारीला मारली गेली. सोबोलच्या नाटकात अशीच एक गायिका धान्य चोरते, नाझी अधिकाऱ्यासमोर गाते आणि शेवटी पार्टिझनांकडे निघून जाते. लेखकाने तिला जंगलाची वाट दिली, जी खऱ्या ल्यूबाला मिळाली नाही.

आणि क्रुक? दोन महिन्यांतच त्याने डायरीत मान्य केलं की लोक येताहेत, हॉल भरताहेत, जगण्याची ओढ सगळ्यांहून मोठी आहे. त्याच्या ग्रंथालयाने डिसेंबर १९४२ मध्ये वाचकांना एक लाखावं पुस्तक दिल्याचा समारंभ केला. सप्टेंबर १९४४ मध्ये एस्टोनियातल्या छावणीत त्याने आपल्या नोंदी साक्षीदारांसमोर जमिनीत पुरल्या. दुसऱ्या दिवशी तो मारला गेला. एक साक्षीदार वाचला, त्याने त्या उकरून काढल्या. आज आपण या वादाबद्दल बोलू शकतो ते त्या कागदांमुळे.

२३ सप्टेंबर १९४३. टेरेझिनमध्ये मुलं पहिल्यांदा 'ब्रुंडिबार' गात होती तो हा दिवस. त्याच दिवशी व्हिल्नाचा घेटो रिकामा करायला सुरुवात झाली, आणि एफ.पी.ओ.चे काही लोक गटारांतून रांगत बाहेर पडून रुदनिकीच्या जंगलात पोहोचले. गाणं आणि गटार, दोन्ही एकाच दिवशी. कुठलं मोठं हे ठरवायला मी धजणार नाही.

आता गॅदरिंग येईल. पुन्हा तेच तीन डान्स, तीच मिमिक्री, आणि 'जरा सीरियस काही नको रे, पब्लिक बोअर होतं' हा सल्ला. पब्लिक बोअर होत नाही. पोट रिकामं असताना आणि मरण दाराशी असताना लोकांनी तिकिटं काढून नाटकं पाहिली आहेत. बसवाल ते बसवा, विनोदी बसवलं तरी चालेल. फक्त स्क्रिप्ट हातात घेताना एकदा विचारा, की आपण यातून काय झाकतोय आणि काय दाखवतोय? 'घेटो'चा एखादा प्रवेश मराठीत करून बघायची कोणाची तयारी असेल तर कळवा. प्रॉम्प्टिंगला मी आहे.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल