ब्राँझची बाई आणि गंगारामचा चहा

कोल्हापूरच्या टाऊन हॉलला आपली पोरं जातात ती बाहेरच्या झाडांखाली बसायला. आत कोण जात नाही. दगडी कमानी, उंच छप्पर, 1870 च्या दशकात गोऱ्या इंजिनिअर मँटनं बांधलेली इमारत. बघितल्यावर वाटतं, हे आपलं नव्हं. पण दोस्तांनो, आत गेलं पायजे. आत आपल्या भांडणाचा एक पुरावा पडलाय.

पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1944 ते 1946 या काळात तिच्या पोटातनं सातवाहन काळातलं कोल्हापूर वर आलं. आधी प्रा. कुंदणगारांच्या हाती ब्राँझच्या वस्तूंचा साठा लागला, मग डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षितांनी रीतसर उत्खनन केलं. भांडी, आरसा, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची मूर्ती. आणि एक छोटं उठावशिल्प. असले तुकडे भांड्यावर शोभेला बसवत. भांड्याचा मालक मेला, शहर गाडलं गेलं, ब्राँझ तेवढं टिकलं. 1946 साली त्यासाठी संग्रहालय निघालं, 1949 साली ते टाऊन हॉलमध्ये आलं. म्हणजे रोमच्या बाजारातला माल सातवाहनाच्या घरी, तिथनं मातीत, मातीतनं इंग्रजाच्या इमारतीत. धातूला जात नसते. तो कुणाच्याबी घरात राहतो.

पण त्यावर काय कोरलंय? अभ्यासकांनी ते ओळखलं: पर्सियस आणि अँड्रोमेडा. गोष्ट अशी. राणीनं रूपाची फुशारकी मारली, देव कोपले, समुद्रातनं राक्षस आला. मग राजानं काय केलं? स्वतःची पोरगी खडकाला साखळीनं बांधली. गुन्हा आईचा, शिक्षा लेकीला. तेवढ्यात आकाशातनं वीर आला, राक्षस मारला, साखळी तोडली, पोरगी घेऊन गेला. (ग्रीकांच्या पुराणात ही पोरगी इथिओपियाच्या राजाची. युरोपच्या चित्रकारांनी तिला शतकानुशतकं गोरी रंगवली. तिकडंबी तेच.)

हे निव्वळ चित्र नाही, रूपक आहे. बांधलेल्या माणसानं गप उभं राहायचं आणि वरनं कुणीतरी यायची वाट बघायची. दोन हजार वर्षांपूर्वी ते ब्राँझमध्ये ओतलं, आणि आजबी सरकारी भिंतीवर सिमेंटात तेच ओतलं जातं. मधे उद्धारकर्ता, हात वर. पायाशी वाकलेली माणसं. ती वाकलेली माणसं कोण, हे सांगायला पायजे काय? ती आम्ही. नाव नसलेले.

याच शहरानं त्या रूपकाला 1942 साली चपराक दिली होती. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोन बायांनी गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला. 1943 साली तो फोडला गेला, 1945 साली त्याच जागी शिवाजी महाराज उभे राहिले. बाई खडकाला बांधलेली नव्हती, बाई दगडावर चालून गेली होती. आणि आडनाव बघा: तांबट. तांब्या-पितळेचं काम करणाऱ्यांचं. या दोघींचं उठावशिल्प कोण करणार?

आता मुद्द्याचं. शाहू मिल 1906 साली महाराजांनी काढली, 2003 साली ती बंद पडली. त्या जागेवर शाहू स्मारकाची घोषणा कोल्हापूरनं कितीदा ऐकलीय. स्मारक म्हटलं की भिंत आली, भिंत म्हटली की उठावशिल्पं आली. माझी भीती तिथं आहे. तिथं शाहू महाराजांना पर्सियस करतील. घोड्यावर महाराज, खाली हात जोडलेला अस्पृश्य.

गंगाराम कांबळेंची गोष्ट घ्या. सरकारी पागेतला नोकर. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून जबर मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्याला शिक्षा केली, गंगारामांना भांडवल दिलं. इथपर्यंत पर्सियस. पुढं मात्र गोष्ट रूपकाच्या हाताबाहेर जाते. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. भर रस्त्यात, महाराच्या हातचा चहा. शेगडी रोज पेटवली गंगारामांनी, गिऱ्हाईक येईना ते दिवस काढले गंगारामांनी. महाराज आले आणि गल्ल्यासमोर चहा प्याले. आणि 1922 साली महाराज गेल्यावर नर्सरी बागेत त्यांचं पहिलं स्मारक उभं करण्यात पुढाकार कुणाचा? याच गंगारामांचा. ज्याला वाचवलेला म्हणून दाखवाल, त्यानं वाचवणाऱ्याचं स्मारक बांधलंय. मग भिंतीवर कोरा की किटली धरलेला गंगाराम! महाराजांना बाकड्यावर बसवा, कपबशी हातात द्या. त्यानं महाराज लहान होत नाहीत. माणगावला 1920 साली ते बाबासाहेबांच्या परिषदेला पाहुणे म्हणून आले होते, तेव्हा झाले होते काय?

बिंदू चौक बघा. 9 डिसेंबर 1950. माधवराव बागलांच्या पुढाकारानं फुले आणि आंबेडकरांचे पुतळे बसले, बाबासाहेब हयात असताना. ना सिंह, ना पंखवाली परी, ना पायाशी कुणी वाकलेलं. दोन माणसं, माणसांएवढी.

आणखी एक. कोल्हापुरातच एकोणिसाव्या शतकात बौद्ध स्तूपाच्या अवशेषांत दगडी पेटी सापडली. तिच्यावर ब्राह्मीत दान देणाऱ्याचं नाव आहे आणि ते काम पार पाडणाऱ्या धम्मगुताचंबी. बौद्धांच्या पेटीवर जे जमलं ते आपल्या स्मारकांवर जमत नाही. आपल्याकडं कोनशिलेवर मंत्री, मंत्र्याखाली आमदार. मेण लावणारा, भट्टी पेटवणारा, ओतीव काम घासून चकचकीत करणारा, त्यांना कोनशिलेवर जागाच नाही. शाहू मिलच्या भिंतीवर ती नावं पायजेत, आणि मिलमध्ये साचा चालवून कान बधिर झालेल्या कामगारांचीबी.

आणि भिंतीवर काय येणार ते ठरवायची बैठक सर्किट हाऊसवर नको. बिंदू चौकात घ्या, संध्याकाळी सहानंतर, कामावरनं सुटलेल्यांना येता येईल अशा वेळी.